टायफॉइडची मोजणी: विडाल की ब्लड कल्चर?

टायफॉइड हा साल्मोनेला गटातल्या जंतूचा आजार. जंतूचं नाव साल्मोनेला टायफी. ताप उतरेना की आपल्याकडे हमखास विडाल करतात. 1896 पासूनची ही चाचणी स्वस्त, आणि रिपोर्टही लगेच हातात. ‘टीओ 1:80, टीएच 1:160’ असे चाचणीचे आकडे लिहिलेला कागद कितीतरी घरांच्या फायलीत सापडेल. पण विडाल जंतू नव्हे, रक्तातली प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) पाहते, आणि ती जुन्या संसर्गाचीही असू शकतात. नुसत्या विडालवर गावातले रुग्ण मोजले तर आकडा फुगतो. साथ खरी की भास, तेच कळत नाही.

ब्लड कल्चरसाठी मोठ्या माणसाचं 8-10 मिली रक्त बाटलीतल्या द्रवात घालून जंतू वाढू देतात. दोन-तीन दिवस तरी थांबावं लागतं. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल तर बाटलीत बरेचदा काहीच उगवत नाही. एकूणात साधारण 60 टक्केच रुग्ण पकडले जातात.

तरी मी ठामपणे कल्चरच्या बाजूने आहे. हाती आलेल्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते तपासता येतं. 2016 मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारा टायफॉइड उघडकीला आला तो कल्चरमुळेच. विडालला तो फरक दिसलाच नसता. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना टायफॉइडची लस दिली, तेव्हा तिचा परिणामही कल्चरने पक्क्या ठरलेल्या रुग्णांवरच मोजला गेला.