मुलगा खासगी शाळेत, मुलगी नवोदयमध्ये : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझा मुलगा आठवीत असून तालुक्याच्या गावी एका खासगी सीबीएसई शाळेत जातो. मुलगी सहावीत आहे आणि जुलै २०२५ पासून आमच्या जिल्ह्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात राहून शिकते. आम्ही मराठवाड्यातील एका खेड्यात राहतो आणि माझे कृषी सेवा केंद्र आहे. मुलीची निवड झाली तेव्हा मुलाच्या शाळेतही तिच्यासाठी जागा होती आणि पहिला हप्ता भरण्याची तारीख तोंडावर आली होती. त्या पंधरवड्यात मी ओळखीच्या ज्या ज्या माणसाला विचारले, त्याने एक तर निकालाचे आकडे सांगितले किंवा फीचे. दोन्ही शाळा एकाच घरातून पाहताना मला जे दिसले ते या दोन्ही आकड्यांत बसत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हुशार मुलांची वेगळी शाळा म्हटली की आपल्याकडे पुण्याची ज्ञानप्रबोधिनी आठवते, परंतु ती खासगी संस्था आहे आणि आमच्यासाठी पुणे तसे दूरच. सरकारने ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी काढलेली शाळा म्हणजे नवोदय. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर येथे आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. आज त्यांची संख्या साडेसहाशेच्या वर आहे आणि तमिळनाडू वगळता सर्व राज्यांत ती आहेत. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. त्यातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी असतात.

येथे एक बारकावा सांगून ठेवतो, कारण त्यावरच आमच्या दोन मुलांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेतच झालेली असावी लागतात. मुलाला आम्ही दुसरीतच तालुक्याला घातले, आणि नगरपरिषदेच्या हद्दीतील शाळा म्हणजे शहरी शाळा. मुलगी मात्र माझ्या आईच्या हट्टामुळे गावच्या जिल्हा परिषद शाळेत राहिली. ‘पोरगी डोळ्यांसमोर राहील’ एवढाच आईचा हेतू होता आणि त्याच हट्टामुळे पोरगी पुढे डोळ्यांआड गेली, हे आई आजही मला सुनावते.

सहावीची प्रवेश परीक्षा १८ जानेवारी २०२५ रोजी झाली. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात निम्मे प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे आणि उरलेले अंकगणित व भाषेचे. मराठीतून पेपर देता येतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्तेच्या भागात सगळ्या आकृत्याच असतात : वेगळी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले तर उलगडल्यावर तो कसा दिसेल. या शेवटच्या प्रकारासाठी तिने माझ्या दुकानातील पंचिंग मशीन महिनाभर ताब्यात घेतले होते. जुन्या बिलांच्या घड्या घालून ती आधी उत्तर लिहायची आणि मग भोक पाडून पाहायची. दुकानातला केर काढताना कागदाच्या त्या गोल टिकल्या आजही एखाद्या कोपऱ्यातून निघतात.

या परीक्षेतून ‘प्रज्ञावंत’ निवडले जातात असे मला वाटत नाही. ती एकदाच देता येते आणि तिची तयारी करून घेणारा शिक्षक लाभला की मुलांची संधी कैक पटींनी वाढते. आमच्या जिल्हा परिषद शाळेतील गुरुजी शाळा सुटल्यावर तासभर थांबून, एक रुपयाही न घेता, पाचवीच्या मुलांकडून सराव करून घेत. बाहेर याच तयारीसाठी हजारो रुपये घेणारे वर्ग आहेत. शेजारच्या गावातील, माझ्या मुलीहून तल्लख असलेला एक मुलगा केवळ त्याच्या शाळेत अर्ज भरायची कोणाला आठवण राहिली नाही म्हणून परीक्षेलाच बसला नाही.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतो. मुलाचा दिवस आधी सांगतो, म्हणजे फरक कळेल. सकाळी सव्वासातला बस येते आणि साडेचारला परत आणून सोडते. साडेपाच ते साडेसात गणित आणि विज्ञानाची शिकवणी. त्यानंतर जेवण, गृहपाठ, प्रकल्पाच्या नावाखाली मोबाइल आणि त्या मोबाइलवरून रोजचे भांडण. शाळेत राहिलेला अभ्यास शिकवणीने भरून काढायचा आणि शिकवणीत राहिलेला त्याच्या आईने, अशी ही उतरंड आहे. शाळा वाईट नाही. इमारत, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन सगळे व्यवस्थित आहे. परंतु वर्षाला ५२,००० रुपये फी भरूनही दुपारी साडेचारनंतरचा मुलगा पूर्णपणे आमच्यावर सोपवलेला असतो, आणि अभ्यास खरोखर होतो की नाही हे त्या साडेचारनंतरच ठरते.

नवोदयमध्ये ही संध्याकाळ शाळेची असते. पहाटे साडेपाचला उठून पी.टी., मग प्रार्थना आणि तासिका, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी मैदान आणि रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यासिका. शिक्षक आवारातच राहतात, त्यामुळे अडलेले गणित त्याच रात्री विचारता येते. मोबाइल नाही. अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी चार सदने असून आमची कन्या शिवालिकची आहे. सदनाचे खो-खोचे गुण ती मला आपल्या गणिताच्या गुणांआधी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हाची गोष्ट. दुकानातील हरभऱ्याच्या पोत्यातून मूठभर दाणे घेऊन ती ओसरीवर बसली. एक दाणा ठेवला. त्याच्या दोन बाजूंनी काटकोनात तीन दाणे लावले आणि चारांचा चौकोन केला. त्याला पाच दाण्यांची कड लावून नऊचा केला, मग सातांची लावून सोळाचा. “बाबा, विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की दर वेळी चौरसच का होतो, ते आता दिसतंय ना?” असे तिने विचारले. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात हे आहे. माझ्या मुलाने खुर्चीवरूनच सांगितले, “त्याचं सूत्र एनचा वर्ग आहे, परीक्षेत तेवढंच विचारतात.” त्याचे उत्तर बरोबरच होते. तो तसाच दाण्यांकडे पाहत राहिला आणि थोड्या वेळाने खाली बसून त्याने नवांची कड स्वतः लावली. हे श्रेय मी एकट्या शाळेला देत नाही, कारण सीबीएसई म्हणून हेच पुस्तक खासगी शाळेतही लावता येते. परंतु दाणे मांडून बघायला लागणारा रिकामा वेळ आणि मांडून बघणाऱ्या मैत्रिणी तिला तेथे मिळाल्या आहेत.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

पहिले दोन महिने अतिशय वाईट गेले. फोन ठरलेल्या दिवशी, रांगेत उभे राहून, चारपाच मिनिटांचा. ऑगस्टमध्ये सलग तीन फोनवर ती “मला न्यायला या” याखेरीज काहीही बोलली नाही. पत्नीने एकदा बॅग भरली होती आणि मी ती परत रिकामी केली. ते बरोबर केले की नाही याबद्दल मी अजून ठाम नाही. तिच्या वर्गातील एक मुलगी त्याच सुमारास कायमची घरी गेली. तिच्या पालकांना कोणी कच्चे म्हणू नये, कारण दहाअकरा वर्षांचे प्रत्येक मूल हे सोसू शकत नाही आणि कोणते सोसेल हे ८० प्रश्नांच्या परीक्षेतून कळत नाही.

दुसरी तक्रार खरजेची. सप्टेंबरात तिच्या शयनगृहात खरूज पसरली. ज्या मुलीने सांगितले तिलाच तेवढे मलम मिळे. वास्तविक एका खोलीत झोपणाऱ्या सर्वांना एकाच वेळी औषध लावून कपडे आणि अंथरुणे गरम पाण्यात धुतल्याखेरीज हा रोग हटत नाही, हे आम्हाला त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. दिवाळीत ती घरी आली आणि आठवड्याभरात आजीसह आम्ही सर्व जण रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन मलम लावून बसलो होतो. पालकांनी मिळून लेखी निवेदन दिल्यावर नोव्हेंबरात संपूर्ण शयनगृहावर एकत्र उपचार झाले. हे दोन महिने आधी होऊ शकले असते.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. गणिताचे शिक्षक बदलून गेले आणि कंत्राटी शिक्षक येईपर्यंत दहा आठवडे गेले. खासगी शाळेतही शिक्षक वर्षात दोनदा बदलले, त्यामुळे यात कोणी कोणाला नावे ठेवण्यासारखे नाही. फरक एवढाच की मुलाच्या वर्गशिक्षिका मला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देतात आणि मुलीच्या शाळेत काही विचारायचे तर पालकभेटीच्या दिवसाची वाट पाहावी लागते. इंग्रजीच्या बाबतीतही मुलगा निर्विवाद पुढे आहे. तो कोणाशीही बिचकत नाही. ती अजून वाक्य मनात जुळवून मग बोलते. नवोदयमध्ये सुरुवातीची वर्षे मातृभाषेच्या आधाराने शिकवतात आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून व सामाजिक शास्त्रे हिंदीतून होतात. हा सांधा तिला कसा जातो ते नववीत दिसेल. त्याच वर्षी साधारण ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवतात. ही कल्पना मला मनापासून आवडते. माझ्या आईला ती अद्याप सांगितलेली नाही.

खर्चाचे सांगायचे तर मुलावर या वर्षी ५२,००० रुपये फी, १३,५०० बस, १५,००० शिकवणी आणि शाळेनेच विकलेली पुस्तके-वह्या ६,८०० असे एकूण ८७,३०० रुपये गेले. नवोदयमध्ये राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत आहेत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, परंतु मुलींना तो माफ आहे. तरीही ‘फुकट’ हा शब्द पूर्ण खरा नाही : पेटी, बादली, कुलूप, पांघरुणे यांचे ३,८००, सात पालकभेटींच्या गाडीभाड्याचे ४,९०० आणि खरजेच्या औषधोपचाराचे २,३०० मिळून ११,००० रुपये आमचे गेले आहेत. ज्यांची रोजंदारी बुडते त्यांना पालकभेटही महाग पडते. तिच्या मैत्रिणीचे वडील उसतोडीला गेलेले असल्याने नोव्हेंबरपासून तिला भेटायला कोणी आलेले नाही, म्हणून पत्नी आता दोन डबे नेते.

ज्यांच्या मुलांनी यंदा परीक्षा दिली आहे त्यांनी कागदपत्रे निकालाची वाट न पाहता गोळा करावीत. तिसरी ते पाचवीच्या शिक्षणाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा यांपेक्षा जातीचा दाखला अधिक दमवतो, कारण राज्याच्या नमुन्यातील दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातील लागतो. माझ्या तीन फेऱ्या त्यातच गेल्या. आणि पेटीवर नाव पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. एकाच रंगाच्या ८० पेट्यांत आपली शोधणारी मुलगी मी पाहिली आहे.

नवोदयमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी नववीलाही वेगळी परीक्षा असते आणि आठवीतील मुलांना ती देता येते. यंदा अर्ज भरायच्या वेळी मी मुलाला विचारले. त्याने दोन दिवस खरोखर विचार केला. बहिणीकडून मेसच्या जेवणाची आणि पहाटेच्या पी.टी.ची चौकशीही केली. मग म्हणाला, “नको. मला रात्री दहाला भूक लागते, तेव्हा मी तिथं कोणाला उठवू?” मी अर्ज भरला नाही. त्याच्या शाळेचा शेवटचा हप्ता पुढच्या सोमवारी भरायचा आहे.