पाथ की रेझो? हिवाळ्यात लेकाकडे निघालेल्या बेळगावकरांसाठी

शहापुरातल्या आमच्या एका वहिनींचा मुलगा कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला असतो. जानेवारीत दोघं नवराबायको दोन महिन्यांसाठी निघालीत. परवा गणपत गल्लीत भाजी घेताना भेटल्या आणि हातातली मेथी तशीच धरून विचारायला लागल्या, "तिकडं जमिनीखाली अख्खा बाजार आहे म्हणे. टोरांटोतला बघू की मॉन्ट्रियलला जाऊ? पोरगा म्हणतोय, एकच काय ते ठरवा. खरं मला दोन्हीतलं काय कळतंय?" रिक्षांच्या हॉर्नमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथं लिहिते. हल्ली टिळकवाडीत काय, वडगावात काय, दोन घरं सोडून तिसऱ्या घरातलं पोर कॅनडात असतं, तेव्हा हा प्रश्न काही एकट्या वहिनींचा नाही.

आधी एक सांगते. 'भुयार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला येतो, वटवाघळं येतात. आपल्या सीमाभागातच बिदरला बहमनी काळातली करेझ आहे, पण त्या भुयारातून पाणी चालवलं जायचं. टोरांटो आणि मॉन्ट्रियलच्या भुयारांतून माणसं चालतात, तीही कॉफीचा कप हातात धरून. वर पारा उणे दहावर आणि खाली चकचकीत फरशी, दिवे, हीटर, दुकानं. टोरांटोच्या जाळ्याला 'पाथ' म्हणतात, मॉन्ट्रियलच्या 'रेझो'. दोन्हींची लांबी तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावहून खानापूर गाठून थोडं पुढं जाण्याइतकी. तेव्हा लांबीवरून निवड करण्यात अर्थ नाही, सगळं कुणीच चालत नाही.

मग निवड कशावरून करायची? मी म्हणेन, वारावरून.

पाथ हा नोकरदारांचा रस्ता आहे. वर बँकांचे आणि मोठमोठ्या कंपन्यांचे मनोरे, आणि खाली ते एकमेकांना जोडणारे बोळ. ७० हून अधिक इमारती, सहा सबवे स्टेशनं, सुमारे १,२०० दुकानं. दुकानांचीच जागा ३ लाख ७१ हजार ६०० चौरस मीटर भरते, आणि जमिनीखालचा जगातला सगळ्यात मोठा बाजार म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा आकडा ऐकून आम्ही दोघं शनिवारी गेलो आणि फसलो. पोरांना सुट्टी शनिवारी, म्हणून आम्हीही शनिवारी. युनियन स्टेशनातून खाली उतरलो, दोन वळणं घेतली आणि पुढं शटरच शटर. आमचे हे म्हणाले, "हे तर रविवारचं डीसी ऑफिस झालं की!" अगदी तसंच. वर कारकून नाहीत, तर खाली चहावाला कशाला बसेल?

पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता पुन्हा गेलो, पोरांना न घेता. तेव्हा कळलं पाथ काय चीज आहे. जिन्याजिन्यांवरून माणसांचे लोंढे उतरत होते. बाहेर बर्फ, आणि ही मंडळी नुसत्या शर्टावर, गळ्यात ओळखपत्र लटकवून जेवायला निघालेली. तासाभरात फूड कोर्ट भरला आणि दीडच्या सुमाराला पुन्हा ओसरला. त्या गर्दीत एका कडेला बसून माणसं बघणं, हीच माझ्या मते पाथमधली खरी करमणूक.

म्हणून टोरांटोत राहणार असाल तर लेकाच्या सुट्टीची वाट बघू नका. ब्रॅम्प्टनहून गो ट्रेन, म्हणजे तिकडची लोकल, थेट युनियन स्टेशनला येते, आणि युनियन म्हणजे पाथच्या पोटातच. ६५ च्या पुढच्यांना गोचं तिकीट निम्म्या दरात मिळतं. दोघांनी मिळून एवढा प्रवास जमतोच, आपण काय हुबळी-धारवाड एकटे केलं नाही का?

आत वाट चुकणार, हे धरूनच चला. मोबाइलवरचा नकाशा जमिनीखाली गोंधळतो, निळा ठिपका कुठल्या तरी भलत्याच चौकात जाऊन बसतो. पाट्यांवर मात्र एक युक्ती आहे, जी मला फार उशिरा कळली. 'पाथ' या शब्दाची चार इंग्रजी अक्षरं चार रंगांत आहेत आणि प्रत्येक रंग एकेका दिशेचा आहे. तांबडा दक्षिण, नारिंगी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. हे लक्षात ठेवलं तरी प्रत्येक इमारतीचा मालक वेगळा, त्याची फरशी वेगळी, दारं बंद करायची वेळही वेगळी. संध्याकाळी आम्ही एका हॉटेलखालच्या काचेच्या दारापाशी पोचलो तर ते बंद. मागं फिरलो तर आलेलं दारही बंद. रखवालदारानं बाजूच्या लिफ्टनं वर रस्त्यावर सोडलं, तोवर माझ्या पोटात गोळा आला होता. आपल्याकडं निदान कोपऱ्यावर पानवाला असतो विचारायला. तेव्हा पाचच्या आत परत फिरा.

हे एवढं तुकड्यातुकड्यांचं का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९०० साली ईटन नावाच्या दुकानदारानं आपलं मोठं दुकान आणि स्वस्त मालाचं दुकान यांच्यामध्ये रस्त्याखालून एक बोगदा काढला. गिऱ्हाईक थंडीत बाहेर पडलं की परत येत नाही, हे त्याला आपल्या खडेबाजारातल्या कुठल्याही व्यापाऱ्याइतकं पक्कं ठाऊक असणार. १९२७ साली युनियन स्टेशन रॉयल यॉर्क हॉटेलला खालून जोडलं. खरी वाढ झाली ती १९७० च्या दशकात, उंच इमारती एकामागून एक उठल्या तेव्हा. पण एका माणसानं आखलेलं असं ते कधीच नव्हतं. शेजाऱ्यानं भिंतीत दार काढलं, मग पलीकडच्यानं काढलं, असं होत होत जाळं झालं.

पाथच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ ईटन सेंटर नावाचा मॉल आहे. तेवढं शनिवार-रविवारीही जागं असतं. तिथं छताखाली साठ हंस उडताना टांगलेले आहेत. मायकेल स्नो या शिल्पकाराचं ते काम. एका नाताळात मॉलवाल्यांनी हंसांच्या गळ्यात तांबड्या रिबिनी बांधल्या, तर हा गडी कोर्टात गेला आणि १९८२ साली जिंकला. रिबिनी उतरवाव्या लागल्या. मला त्या हंसांपेक्षा हा किस्साच जास्त आवडला.

आता मॉन्ट्रियल.

तिथली गोष्ट उलटी. तिथं खाली काय बांधायचं याचा थोडा तरी विचार आधी झाला. शहराच्या मधोमध रेल्वेसाठी खणलेला मोठा खड्डा वर्षानुवर्षं उघडा पडला होता. त्यावर प्लास व्हिल मारी नावाचा मनोरा १९६२ साली उभा राहिला आणि त्याच्याखाली दुकानांचा मजला आला. १९६६ च्या ऑक्टोबरात मेट्रो सुरू झाली, पुढच्याच वर्षी तिथं एक्स्पो हे जागतिक प्रदर्शन भरलं. मेट्रोच्या स्टेशनांना इमारती जोडल्या जात गेल्या. आज दहा मेट्रो स्टेशनं त्यात आहेत आणि रस्त्यावरून आत शिरायला १२० हून जास्त वाटा. मेट्रोबरोबर कॉलेजं, नाट्यगृहं, अधिवेशनाचं सभागृह, घरं, सगळंच जोडलेलं आहे. म्हणून शनिवारी तिथं उलट गर्दी वाढते. पोरं हातात हात घालून हिंडत असतात, म्हातारेकोतारे बाकांवर बसलेले असतात. गणपत गल्लीतून मारुती गल्लीत आणि तिथून खडेबाजारात आपण काही न घेता नुसते हिंडतो, तो प्रकार इथं जमतो. पाथमध्ये रेंगाळणारा माणूस लोकांच्या वाटेत येतो.

आणि बघायला जास्त आहे. क्राइस्ट चर्च कॅथेड्रल हे १८५९ साली पूर्ण झालेलं दगडी चर्च. १९८० च्या दशकात त्याच्याखाली दुकानांचे मजले खणायचे ठरले, तेव्हा अख्खं चर्च खांबांवर तोलून धरलं आणि खालची माती काढून नेली. वरून बघून कळतसुद्धा नाही. जागतिक व्यापार केंद्रात बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, शहराला ३५० वर्षं झाली म्हणून १९९२ साली बर्लिननं दिलेला. काचेच्या छताखाली, पाण्याशेजारी, रंगवलेला काँक्रीटचा तो तुकडा आणि त्याच्याजवळ सँडविच खात बसलेली माणसं. मी तिथं बराच वेळ उभी होते. सीमेवरच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला भिंत अशी नुसती शोभेची झालेली बघून काय वाटतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

पाट्या फ्रेंचमध्ये. 'सॉर्ती' म्हणजे बाहेर जायची वाट, एवढा एक शब्द पुरतो. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकमध्ये १९७७ साली फ्रेंच भाषेचा कायदा आला आणि पाट्यांच्या भाषेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. पाटीवरची भाषा हा केवढा जिव्हाळ्याचा विषय असतो, हे निदान बेळगावकराला तरी समजावून सांगायला नको. दुकानात शिरताना 'बॉंजूर' म्हणा, पुढचं इंग्रजीत चालतं.

त्रासही आहेत. मेट्रो स्टेशनांची दारं ढकलायला अतिशय जड. गाडी बोगद्यातून येताना पुढची हवा ढकलत आणते, त्या वाऱ्याच्या जोरावर दार आपल्याच अंगावर येतं. पुढचा माणूस गेला की लगेच त्याच्या मागून निसटायचं, हे मी दुसऱ्या दिवशी शिकले. जिने फार, आणि लिफ्ट सगळ्या स्टेशनांत नाही. पाथमध्येही इमारत बदलली की चार पायऱ्या वर नाहीतर खाली होतातच, पण गुडघ्यांच्या बाबतीत मी टोरांटोला थोडे जास्त गुण देईन. स्वच्छतागृह मेट्रो स्टेशनात शोधू नका, मॉलच्या फूड कोर्टात जा. आणि शाकाहारी असाल तर पुटिन नावाच्या बटाट्याच्या पदार्थापासून सावध. वरून साधी वाटणारी ती ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्शाची असते, विचारून घ्या. शिवाय हे सगळं जाळं सलग नाही. बेरी-उकाम स्टेशनाकडचा तुकडा गाठायला मेट्रोनंच जावं लागतं.

कपड्यांचं दोन्हीकडं सारखंच. आत घरासारखी ऊब असते, त्यामुळं जाडजूड कोट दिवसभर हातावर वागवावा लागतो. पाठीवर सॅक घ्या, आत पातळ स्वेटर घाला. साडीवर बूट घालून मी फिरले, कुणी वळूनही बघितलं नाही.

लेक टेक्सासमध्ये असेल तर ह्यूस्टनलाही असं भुयारी जाळं आहे, साधारण दहा किलोमीटरचं. ते थंडीसाठी नाही, उन्हासाठी. तेही कचेऱ्यांच्या वेळेपुरतं उघडं, शनिवार-रविवारी जवळजवळ बंद. मुद्दाम वाट वाकडी करावी असं मला तरी वाटलं नाही.

खर्चाचं बोलायचं तर पाथ फुकटच्या जमा, गो ट्रेनचं तिकीट आणि जेवण. मॉन्ट्रियल टोरांटोपासून सुमारे ५४० किलोमीटर. रेल्वेनं साडेपाच तास धरा, आणि निदान एक रात्र हॉटेलात. दोन रात्री काढल्या तर जास्त बरं.

पण याच रेल्वेत एक गंमत दडलेली आहे, आणि ती वहिनींना सांगायची राहून गेली. गाडी सुटते टोरांटोच्या युनियन स्टेशनातून, जे पाथमध्ये आहे, आणि थांबते मॉन्ट्रियलच्या गार सॉन्त्राल या मुख्य रेल्वे स्टेशनात, जे रेझोमध्ये आहे. म्हणजे शुक्रवारी सकाळी लवकर पाथमध्ये चहा-नाश्ता करून गाडीत बसायचं, दुपारी प्लास व्हिल मारीजवळ उतरायचं, शनिवार सगळा रेझोत घालवायचा आणि रविवारी परतायचं. वर रस्त्यावरच्या बर्फात पाऊल न टाकता दोन शहरं होतात. तशी हिंमत आणि गुडघे असतील तर 'एकच काय ते ठरवा' हा प्रश्नच उरत नाही. नसतील, आणि एकच दिवस असेल, तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी पाथ. हाताशी शनिवार-रविवारच असतील तर डोळे झाकून मॉन्ट्रियल.

रात्री वहिनींना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं बरोबर खरं, आमच्या ह्यांना विचारायला पाहिजे की." मागून त्यांच्या ह्यांचा आवाज आला, "गाडीत खिडकी मिळणार असेल तर मॉन्ट्रियल."