वायरिंगच्या नावाखाली 8,500 रुपये गेले, भावाच्या गिटारचे पिकअपही गेले

मार्चमध्ये संभाजीनगरच्या एका गिटार रिपेअरवाल्यानं मला 8,500 रुपयांना फसवलं. पिकअपचे (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे भाग) 4,500, पॉट (आवाजाच्या गोल बटणांखालचे भाग), स्विच आणि केबल लावायच्या जॅकचे 1,600, घरघर अडवणाऱ्या तांब्याच्या पट्टीच्या शिल्डिंगचे 1,400, मजुरी 1,000. बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, बिल केलं तर जीएसटीचे 1,530 वाढतील." मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

मी बारा वर्षं वाजवतोय, नवखा नाही. पण वाजवणं वेगळं आणि आतलं सोल्डरिंग वेगळं. परभणीत हे काम करणारा मला सापडला नाही, आणि एप्रिलमधले भीमगीतांचे कार्यक्रम तोंडावर आलेले. मंडपात गिटार नुसती घूं करायची. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप थोडी घरघर करतातच, पण तारांना हात लावला की ती कमी व्हायला हवी. माझ्या गिटारची होत नव्हती. म्हणजे मागच्या स्प्रिंगांच्या पत्र्याला जोडलेली ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगसारखी वायर सुटलेली होती. एक टाका! तेवढंच काम होतं. त्यानं "आतलं सगळंच गेलंय" म्हटलं आणि मी मान हलवली.

गिटार आणायला तपोवन एक्स्प्रेसनं गेलो. त्यानं वाजवून दाखवली. एकदम शांत. गिटार आणि ॲम्पच्या मधे एक छोटा पेडल होता, तो मला दिसला होता. सूर विरता विरता मधेच कापल्यासारखा तुटत होता, तेही कानांना कळलं होतं. नॉइज गेट! आवाज बारीक झाला की तो सगळंच बंद करतो, घरघरही आणि सुराचं शेपूटही. बारा वर्षांच्या कानांना हे कळलं आणि तरी मी त्याला म्हणालो, "वा, काय स्वच्छ झालीये." उरलेले 3,500 तिथंच पाठवले. ते वाक्य आठवलं की आजही अंग जळतं. केबल थेट ॲम्पला लावायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या.

काढलेलं जुनं सामान मागितलं तर "भंगारात टाकलं." स्क्रूवर स्टिकर लावलेला, उघडलं तर गॅरंटी जाईल म्हणून.

पहिल्याच कार्यक्रमात तीच घरघर. रात्री स्टिकर फाडला. तांब्याची पट्टी फक्त कडेला, दिसेल तेवढीच. आत स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, तीही ग्राउंडला कुठंच जोडलेली नाही. पॉट जुनेच, पुसलेले. ग्राउंडची वायर तशीच लोंबत होती. आणि तिन्ही पिकअप बदललेले. माझ्या पिकअपमध्ये खांबच चुंबकाचे होते. या नव्यांच्या तळाला सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली, हलक्या सेटमध्ये असते तशी. मल्टीमीटर घ्या, बीपवर ठेवा, एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला. वाजला नाही तर पैसे देऊ नका.

फोन केला. "स्टिकर तुम्हीच फाडला ना?" त्यानंतर नंबर ब्लॉक.

ठाण्यात गेलो तर, "गिटारच्या वायरीचा कसला गुन्हा?" मग, दुकान जिथं आहे तिथं जा. तिथं गेलो, एक दिवसाची मजुरी बुडवून. तिथं म्हणाले, तुम्ही राहता तिथं जा! हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. मोबाइलवर उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" सायबरवाल्यांकडून उत्तर आलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आमच्यात बसत नाही. मग मी बसतो कुठं? दुसऱ्याची वस्तू काढून घेतली, तिला चोरी म्हणायला कुणी तयार नाही. आता ग्राहक आयोगाचा अर्ज लिहितोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट जोडतोय. तुम्हीही चॅट पुसू नका. गिटार देण्याआधी उघडून आतले फोटो काढा, पिकअप उलटे करूनही.

ती गिटार भावानं 2011 मध्ये पहिल्या पगारातून घेतली होती. मधल्या पिकअपच्या तळाला त्यानं काळ्या शाईनं 'जय भीम' लिहिलंय. असा पिकअप कुणी विकायला आणला तर घेऊ नका, मला कळवा.