बोका येऊन गेला: आत्ताच ऑपरेशन, की पिल्लं होऊ द्यायची?

आमची चिंगी दीड दिवस गायब होती. परत आली ती मानेवरचे केस ओलसर, चिकटलेले, आणि सरळ ताटलीपाशी. ते केस बघूनच कळायला हवं होतं, कारण जोडी लागताना बोका मांजरीची मान दातांत धरतो. पण "आली एकदाची" म्हणून मी दार लावून घेतलं आणि तारीख कुठेच लिहिली नाही. पुढे तीच तारीख महागात पडली. तेव्हा तुमची मांजर अशी फिरून आली असेल तर आधी कॅलेंडरवर खूण करा, मग पुढचं वाचा.

"एकदाच तर गेली होती बाहेर" यावर भिस्त ठेवू नका. मांजरीचं बीज सहसा जोडी लागल्यामुळेच सुटतं, साधारण एक-दोन दिवसांत. म्हणजे माजावर असताना बोका भेटला की वेळ आपोआपच जुळून येते. चार-पाच महिन्यांची, अजून पिल्लूच वाटणारी मांजरही गाभण राहू शकते. दोन-तीन बोके भेटले असतील तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. गर्भ वाढतो साधारण 63 ते 65 दिवस, त्यात थोडे दिवस इकडेतिकडे.

आता निवड. बहुतेक जण आधी "गाभण आहे का" ते कळू दे, मग ठरवू, असं म्हणतात. मला हा क्रमच उलटा वाटतो. पिल्लं नकोच असतील, तर ती गाभण आहे की नाही हे कळून तुमचा निर्णय बदलणार नाही. दोन्हीकडे उत्तर नसबंदीच, म्हणजे बीजकोश आणि गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन. खात्रीची वाट बघण्यात फक्त आठवडे जातात, आणि ते आठवडेच या ऑपरेशनमध्ये महत्त्वाचे असतात. पिल्लं झाली तर सांभाळायची खरंच तयारी असेल, तरच तपासण्यांना अर्थ आहे.

आत्ताच नसबंदी

डॉक्टरांना सरळ सांगा: अमुक तारखेला बोका भेटलाय, गाभण असू शकते. लपवू नका, त्यांना तयारी वेगळी ठेवावी लागते. ऐन माजात असताना गर्भाशयाकडे रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून काही डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबायला सांगतात. जोडी लागल्यावर माज तसाही काही दिवसांत उतरतो. त्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सोयीचे. या काळात ऑपरेशन नेहमीच्या नसबंदीपेक्षा फारसं वेगळं नसतं, आणि जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुढे गर्भाशय फुगतं, रक्तवाहिन्या जाड होतात, चीर मोठी घ्यावी लागते, रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेवटच्या दिवसांत अनेक डॉक्टर नको म्हणतात.

यात गर्भ जातो. हे गोड शब्दांत गुंडाळण्यात अर्थ नाही. ज्यांच्या मनाला ते पटत नाही त्यांनी दुसरा पर्याय घ्यावा, पण तोही डोळे उघडे ठेवून. ऑपरेशनच्या पारड्यात मात्र वजनदार गोष्टी आहेत. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार जवळपास कायमचा टळतो. मांजरींमधल्या स्तनाच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर तो धोका सुमारे 91 टक्क्यांनी कमी होतो, वर्षाच्या आत झाली तर सुमारे 86 टक्क्यांनी. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं" हे मी कितीदा ऐकलंय! त्याला काहीही आधार नाही.

गोळी देऊन भागेल का, असंही विचारतात. माज थांबवणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी गर्भाशयात पू होणं, स्तनांना गाठी येणं, मधुमेह होणं, असे त्रास उद्भवतात. कुणाच्या सांगण्यावरून तर मुळीच देऊ नका.

पिल्लं होऊ द्यायची तर

आधी गणित. नऊ आठवडे गर्भ, मग पिल्लं आईजवळ किमान आठ आठवडे, बारा झाले तर उत्तम. म्हणजे चार ते पाच महिने घर मांजरीच्या वेळापत्रकावर चालणार. एका वेतात साधारण चार पिल्लं. जन्मतः वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. त्यासाठी स्वयंपाकघरातला छोटा काटा रोज काढावा लागतो. एखादं पिल्लू सलग दोन दिवस वाढलं नाही तर दवाखाना. आईला गाभणपणातच पिल्लांचं खाणं सुरू करायचं, आणि दूध पाजताना तर ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाते. या काळात कुठलीही लस किंवा औषध डॉक्टरांना गाभणपण सांगितल्याशिवाय नको. विशेषतः पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची, जिवंत विषाणूची लस पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा करू शकते.

बाळंतपण मांजरी सहसा एकट्याच, अंधाऱ्या कोपऱ्यात उरकतात. तुम्ही जवळ बसा, हात लावू नका. पण जोरात कळा देऊन वीस-तीस मिनिटं झाली आणि पिल्लू आलं नाही, पिल्लू अर्धवट अडकलं, किंवा भळाभळा रक्त गेलं, तर थांबायचं नाही.

आणि पिल्लं कुणाला द्यायची? "आम्हाला एक हवंच" म्हणणारे गाभणपणात भेटतात, आठव्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नाही. नावं आत्ताच पक्की करा. चारपैकी दोघं जरी तुमच्याकडेच राहिली तर चालेल का, याचं उत्तर हो असेल तरच हा रस्ता धरा.

खात्री करायचीच असेल तर

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रं गुलाबी आणि ठसठशीत होतात. पहिल्या खेपेच्या मांजरीत हे छान दिसतं, आधी व्यालेलीत तितकं नाही. पोट चाचपून बघणं डॉक्टरांचं काम; घरी दाबून गर्भाला इजा होऊ शकते. सोनोग्राफी 25 ते 30 दिवसांना केली तर भरवशाची, ठोके दिसतात, पण पिल्लं मोजायला कच्ची. मोजायची तर एक्स-रे: हाडं साधारण चाळीस दिवसांनंतर दिसू लागतात, आकडा पन्नासनंतर नीट लागतो. रक्तातल्या रिलॅक्सिनची (गाभणपणात तयार होणाऱ्या हार्मोनची) चाचणी सुमारे चार आठवड्यांनी करता येते. माणसांच्या किटचा काही उपयोग नाही, ते शोधतं तो हार्मोन मांजरीत नसतोच.

मला विचाराल तर एकच करायचं असेल तेव्हा सोनोग्राफी. त्याचं कारण ठोके एवढंच नाही. पोट मोठं दिसणं म्हणजे गाभण असंच नसतं. जोडी लागूनही गर्भ न राहता मांजर महिना-दीड महिना गाभण असल्यासारखी वागू शकते. जंत, पोटात साचलेलं पाणी, हीसुद्धा कारणं असतात. सगळ्यात फसवं म्हणजे गर्भाशयातला पू: माजानंतर काही आठवड्यांनी मांजर मलूल होते, पाणी खूप पिते, खाणं सोडते, कधी योनीतून घाण स्राव येतो तर कधी काहीच बाहेर येत नाही, नुसतं पोट वाढतं. "गाभण आहे, म्हणून सुस्त आहे" असं समजून बसलात तर जीव जाईल. त्याच दिवशी दवाखाना.

आमचं काय झालं? आम्ही तळ्यात-मळ्यात करत राहिलो. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी आकारावरून साडेपाच-सहा आठवडे सांगितले, चार ठोके दाखवले, आणि म्हणाले, "तीन आठवड्यांपूर्वी आला असता तर दोन्ही रस्ते सारखेच सोपे होते." मग पिल्लंच होऊ दिली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, माझ्या शालीवर, पहाटे. दोन पिल्लं दुसऱ्या घरी गेली, दोन आमच्याकडेच आहेत.

पिल्लं सहा आठवड्यांची, अजून दूध पीत होती, आणि चिंगी पुन्हा दारापाशी लोळून ओरडायला लागली. दूध पाजणारी मांजर माजावर येत नाही असं मी धरून चालले होते. बाहेर भिंतीवर तोच फाटक्या कानाचा बोका. मी कडी लावली, कॅलेंडर काढलं आणि डॉक्टरांना फोन केला. पिल्लांचं दूध तुटल्यावर दोन आठवड्यांनी, स्तन सुकले की, अशी ऑपरेशनची तारीख ठरली. या वेळी ती पेनाने लिहिली.