टेरिडोफायटातला ‘पी’ कुठे जातो? उच्चारकोश ॲपचा वर्षभराचा अनुभव

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी मी उच्चार ऐकवणाऱ्या एका इंग्रजी शब्दकोशाच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली. आता चवथ पुन्हा तोंडावर आलीय, म्हणून लिहायला बसले.

मी गोव्यात साखळीला घरी नववी ते अकरावीची विज्ञानाची शिकवणी घेते. आमच्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जातात. मीही तशीच गेले. झायलेम (झाडात पाणी वाहून नेणारी ऊती), नायडेरिया (जेलीफिशसारख्या प्राण्यांचा संघ) असे शब्द वर्षानुवर्षं डोळ्यांनी वाचले, पण मोठ्याने म्हणायची वेळ आली की जीभ अडायची.

मला सगळ्यांत उपयोगी पडली ती उच्चारखुणांतली छोटी उभी रेघ. ज्या तुकड्याच्या आधी ती असते, त्या तुकड्यावर जोर द्यायचा. मराठी बोलताना आपण अशा जोराकडे लक्ष देत नाही, त्यामुळे इंग्रजीतही सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हणतो. थर्मॉमीटरमध्ये जोर ‘मॉ’वर, हायपॉथिसिसमध्ये ‘पॉ’वर, फोटोसिंथेसिसमध्ये ‘सिं’वर. वहीत मी शब्द देवनागरीत लिहिते आणि त्या अक्षराखाली रेघ ओढते. झायलेमपुढे लिहिलंय: ‘झाडातला झ, झेंड्यातला नव्हे’. ग्रीकमध्ये झायलॉन म्हणजे लाकूड, आणि मराठीत झायलेमला प्रकाष्ठ म्हणतात, त्यातही काष्ठ आहेच. हे एकदा सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

मुक्या अक्षरांनी आधी फार छळलं. टेरिडोफायटा म्हणजे नेच्यांचा वर्ग, त्याच्या सुरुवातीला ‘पी’ असतो, पण म्हणायचा नाही. टेरॉन म्हणजे पंख, पीस. नेच्याची (फर्नची) पानं पिसासारखीच दिसतात, पावसात आमच्या कुंपणाच्या चिऱ्यांवर ती दाट उगवतात. एका मुलीने विचारलं, मग हेलिकॉप्टरमधला ‘प’ कसा ऐकू येतो? शब्द तोच, हेलिक्स म्हणजे मळसूत्र आणि टेरॉन म्हणजे पंख. इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘प्ट’ चालत नाही, म्हणून तिथे ‘प’ गळतो. मधे आला की आधीच्या स्वराच्या आधाराने टिकतो. आर्किऑप्टेरिक्समध्येही म्हणूनच टिकलाय. त्या प्रश्नानंतर ती ‘सी’ने सुरू होणारे टिनोफोरा (समुद्री प्राण्यांचा एक संघ) आणि नायडेरिया स्वतःच बरोबर म्हणाली. नायडेरियाचं मूळ खाजकुयलीसारखा दाह करणाऱ्या एका झुडपाच्या ग्रीक नावात आहे; ज्याला जेलीफिश लागलाय, त्याला आणखी समजवावं लागत नाही.

तक्रारी आहेत. व्याख्या पुष्कळदा गोल फिरतात: टिनोफोर म्हणजे काय, तर टिनोफोरा संघातला प्राणी. ‘कंगवा धारण करणारा’ हे मूळ तिथे मिळालंच नाही, ते दुसरीकडे शोधलं. कमी वापरातल्या शब्दांना माणसाचा आवाज नाही, यंत्राचा आहे, आणि तो जोर चुकवतो. असा शब्द मी खुणा पाहूनच म्हणते. इंटरनेट गेलं की आवाजही जातो, आणि पावसाळ्यात इंटरनेट जातंच. अर्थ नीट हवा असेल तर मी अजूनही मराठी विश्वकोश उघडते.

लॅटेराइटचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या नावाचा, शोध मात्र मनात राहिला. मुलं त्याला ‘लेटराइट’ म्हणत, जणू ‘लेट’शी काही नातं आहे. लॅटिनमध्ये लाटेर म्हणजे वीट. मलबारात हा दगड विटांसारखा कापून घरं बांधतात हे पाहून फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी 1807 मध्ये ते नाव दिलं. आमची शिकवणीची खोली चिऱ्यांचीच आहे. भिंतीला हात लावून सगळ्यांनी ‘लॅ’वर जोर देत तो शब्द म्हटला.

वर्गणी मी पुन्हा भरणार आहे. पण नुसतं ॲप घेऊ नका, शेजारी मुळांची वही ठेवा. परवा एका मुलाच्या आईने रोयण अळमी पाठवली (रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ, अळमी म्हणजे अळंबी). तिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस मी फळ्यावर लिहिलं. ॲपमध्ये तो शब्द नव्हता. मुलांनी वहीत मायसीलियमचं (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याचं) पान काढलं, मायसिस म्हणजे बुरशी हे पाहिलं, टर्माइट म्हणजे वाळवी हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणूनच ती रोयणीवर येते!’