तीन कण, तीन बलं: वस्तुमान काढायला कोणती पद्धत धरावी?

अ, ब आणि क हे तीन कण १ मीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर आहेत. अ-ब मधलं गुरुत्व बल ४.००, ब-क मधलं ८.०० आणि क-अ मधलं ५.३४, एकक १ न्यूटनचा हजार कोटीवा भाग. तिघांची वस्तुमानं काढायची आहेत.

सुरुवात दोन्ही पद्धतींत एकच. प्रत्येक बलाला त्या जोडीच्या अंतराच्या वर्गाने गुणा आणि गुरुत्व स्थिरांकाने भागा. मग प्रत्येक जोडीच्या वस्तुमानांचा (किलोमध्ये) गुणाकार उरतो: अब = ६, बक = १२, कअ = ८ मिळतात; इथून पुढे अ, ब, क ही अक्षरं वस्तुमानांसाठीही वापरतो. ही पायरी गाळू नका. ब-क चं अंतर २ मीटर असतं, तर याच वस्तुमानांसाठी तिथलं बल ८.०० ऐवजी २.०० भरलं असतं.

पहिली पद्धत चलाचा लोप करण्याची. ब = ६/अ, क = ८/अ. दोघांचा गुणाकार १२, म्हणजे अ चा वर्ग ४ आणि अ = २ किलो. मग ब = ३, क = ४. वाट सरळ आहे, पण अ मध्ये चूक झाली की ती ब आणि क मध्येही उतरते.

दुसरीत तिन्ही गुणाकार एकत्र गुणायचे: ६ × १२ × ८ = ५७६. यात प्रत्येक वस्तुमान दोनदा आलंय, म्हणून वर्गमूळ २४ हा तिघांचा गुणाकार. २४ ला १२ ने भागलं की अ, ८ ने भागलं की ब, ६ ने भागलं की क. मला हीच आवडते, कारण मापनातली चूक कुठे जाते तेही हिच्यात दिसतं: अ-ब चं बल २ टक्के जास्त मोजलं गेलं, तर अ आणि ब सुमारे १ टक्क्याने वाढतात आणि क तेवढाच घटतो.

चार कण चौरसात असतील आणि फक्त चार बाजूंची बलं दिली असतील, तर मात्र दोन्ही पद्धती थांबतात. अ, क दुप्पट करा, ब, ड निम्मे करा. चारही गुणाकार जसेच्या तसे राहतात. एका कर्णावरचं बल मिळालं की त्रिकोण तयार होतो. तो दुसऱ्या पद्धतीने सोडवा आणि चौथा कण साध्या भागाकाराने काढा.

एखादं वस्तुमान आधीच दिलेलं असेल, तर थेट लोपाकडे वळा. वर्गमुळाची गरजच पडत नाही.