गोव्याला दोन, मुंबईला सहा: पुनर्रचनेच्या वादात कुठली बाजू घ्याल?

दादरच्या मतदाराचं मत मडगावच्या मतापेक्षा हलकं आहे. २०११च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची, लोकसभेत खासदार ६. गोवा साडेचौदा लाखांचा, खासदार २. इथे एका खासदारामागे २० लाखांवर माणसं, तिथे सव्वासात लाख. मतदारसंघ पुनर्रचनेच्या, म्हणजे लोकसंख्येनुसार खासदारांच्या जागा नव्याने वाटण्याच्या, वादात पडण्याआधी हे सलतंय का, ते स्वतःला विचारा.

ही सूट घटनेतलीच आहे. ६० लाखांपर्यंतच्या राज्यांना कलम ८१ लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देण्याच्या अटीतून मोकळं करतं. राज्यसभेतही माप लोकसंख्येचंच, फक्त सैल हाताने: उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १, सिक्कीम १. शिवाय धनविधेयक राज्यसभेला १४ दिवसांत परत करावं लागतं आणि साध्या विधेयकावर अडलंच तर संयुक्त बैठकीत लोकसभेचं संख्याबळ भारी पडतं.

अमेरिकेत भानगडच नाही. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, म्हणजे वरिष्ठ सभागृहातले सदस्य. ३ कोटी ९५ लाखांच्या कॅलिफोर्नियाला तेवढेच आणि पावणेसहा लाखांच्या वायोमिंगलाही. राज्याची स्वतःची संमती असल्याशिवाय ही समानता काढून घेता येत नाही, असं घटनेचं पाचवं कलम सांगतं. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला सिनेटमध्ये इतर राज्यांइतक्याच १२ जागा, वर कनिष्ठ सभागृहात किमान ५ ची हमी. मुंबईकराला हे पचणं कठीण.

मला जर्मनीची रीत पटते. बुंडेसराटमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांच्या सभागृहात, लहान राज्याला किमान ३ मतं, ७० लाखांवरच्याला ६. ब्रेमेनला ३, सुमारे १ कोटी ८० लाखांच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला ६. तिथे बसतात ते राज्य सरकारचे मंत्री, म्हणजे पक्षाने कुठूनतरी आणून बसवलेला उमेदवार नाही. (आपल्याकडे राज्यसभेसाठी तर २००३ पासून त्या राज्याचा मतदार असण्याचीही अट उरलेली नाही.)

खोट एकच: राज्याची सगळी मतं एकगठ्ठा पडावी लागतात. २००२ मध्ये स्थलांतर कायद्यावर ब्रांडेनबुर्गच्या आघाडीतल्या एका मंत्र्याने ‘हो’ म्हटलं, दुसऱ्याने ‘नाही’. बुंडेसराटच्या अध्यक्षांनी ते ‘हो’ धरलं आणि डिसेंबरात घटनात्मक न्यायालयाने अख्खा कायदाच रद्द केला. आघाडीचं जमलं नाही की राज्यं सहसा तटस्थ राहतात. पण ६९ पैकी ३५ मतं लागत असल्याने तटस्थ मतही विरोधातच जमा होतं. मंत्रालयातल्या तीन पक्षांच्या सरकारला ही अट घातली, तर महाराष्ट्र बहुतेक वेळा तटस्थच बसेल.